मान्यता, पण कोणाची?

2003 साली मी चंदीगडला नेमणुकीवर असताना शेजारच्या खरड गावाशी माझा संबंध आला. (मराठी कार्यालयात वाढलेल्या माणसाला हे नाव ऐकताच प्रथम 'खर्डा' आठवतो.) खरड तेव्हा रोपड जिल्ह्यात होते, मोहाली जिल्हा 2006 मध्ये झाला. तेथे स्थायिक झालेले साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार मुलीला घेऊन माझ्याकडे आले. माझ्या खात्याचा त्यांच्या कामाशी संबंध नव्हता. मी मराठी, एवढाच आधार. मुलगी फिजिओथेरपीच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षात होती. संस्था दोन खोल्यांची, पदवी देणारे विद्यापीठ परराज्यातले, आणि माहितीपुस्तिकेवर ठळक अक्षरांत 'शासनमान्य'.

"साहेब, मान्यता आहे की नाही, एवढंच सांगा."

मला ते सांगता आले नाही. त्याचे कारण शोधताना जो इतिहास हाती लागला, तो येथे मांडतो.

या विद्येचे भारतातील पहिले रोप मुंबईत लागले. कमला निंबकर या जन्माने अमेरिकन, विवाहाने मराठी झालेल्या बाईंनी 1950 मध्ये के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा काढली, फलटणचे बी. व्ही. निंबकर हे त्यांचे चिरंजीव. पाठोपाठ 1952-53 च्या सुमारास केंद्र सरकार, मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने फिजिओथेरपीची शाळा उभी राहिली. पोलिओने पांगळी झालेली मुले डोळ्यांसमोर होती. पुढे पदव्या आल्या, महाविद्यालये वाढली. परंतु डॉक्टरांना, दंतवैद्यांना, परिचारिकांना जशी राष्ट्रीय परिषद होती, तशी या व्यवसायाला नव्हती. दिल्लीने 1997 मध्ये आणि महाराष्ट्राने 2002 मध्ये आपापले कायदे केले. केंद्राचे विधेयक 2007 मध्ये लोकसभेत आले आणि लोकसभेची मुदत संपताच व्यपगत झाले.

परिणाम असा की 'मान्यता' या एका शब्दाखाली चार वेगळ्या गोष्टी नांदत राहिल्या. पदवी देण्याचा अधिकार ही पहिली. विद्यापीठ अनुदान आयोग कायदा, 1956 च्या कलम 22 नुसार तो कायद्याने स्थापन झालेल्या वा अभिमत विद्यापीठालाच, किंवा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेला असतो. महाविद्यालयाची विद्यापीठाशी संलग्नता ही दुसरी. पदवीधराची व्यवसाय परिषदेकडे नोंदणी ही तिसरी. आणि 1994 मध्ये स्थापन झालेल्या 'नॅक'सारख्या संस्थेने केलेले गुणवत्तेचे मूल्यांकन ही चौथी. एक असली म्हणून दुसरी असतेच असे नाही. संस्थेची सोसायटी म्हणून नोंदणी तर यांपैकी काहीच नव्हे; सुभेदारांना दाखवलेला कागद मात्र नेमका तोच होता.

मी चार कार्यालयांना पत्रे पाठवली. दोन उत्तरे आली, दोन्हींचा आशय एकच: हा विषय आमच्या अखत्यारीत येत नाही. केंद्राचा माहिती अधिकार कायदा 2005 चा. त्याआधी उत्तर मागणे म्हणजे विनंतीच. माझ्याच कार्यालयात तो अर्ज 'पुढील कार्यवाहीस्तव अग्रेषित' असा शेरा मारून निकाली निघाला. शेऱ्याखाली सही माझी होती.

त्याच सुमारास छत्तीसगडमध्ये 2002 च्या कायद्याखाली अल्पावधीत 112 खासगी विद्यापीठे स्थापन झाली होती. त्यांतील अनेकांना धड इमारतही नव्हती. अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष प्रा. यशपाल सर्वोच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी 2005 मध्ये न्यायालयाने त्या कायद्यातील मुख्य तरतुदी रद्द केल्या आणि राज्याबाहेर केंद्रे काढण्याची मुभाही काढून घेतली. छत्तीसगडमध्ये चालू असलेल्या संस्थांतील विद्यार्थ्यांची सोय तेथील सरकारी विद्यापीठांशी संलग्नतेद्वारे करण्यास सांगितले. राज्याबाहेरच्या केंद्रांतल्या मुलांना अशी वाट नव्हती. सुभेदारांच्या मुलीचे विद्यापीठ कोणत्या राज्यातले ते येथे सांगत नाही, जात तीच.

परदेशातील वाचकांना हे चमत्कारिक वाटेल. अमेरिकेत 'कॅप्टे' हा एकच आयोग प्रत्येक फिजिओथेरपी अभ्यासक्रमाची स्थिती जाहीर करतो. तक्रारही घेतो, पण ती मानके मोडल्याची असावी लागते. फीच्या वा गुणांच्या वैयक्तिक भांडणात तो पडत नाही. मर्यादा आहेच, पण ती आधी सांगितलेली असते.

आपल्याकडे 2021 मध्ये संबद्ध आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. राज्य परिषदा रेंगाळल्या, तेव्हा ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला मुदत घालून द्यावी लागली. विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी अनुदान आयोगाचे 2023 चे विनियम आहेत: प्रथम संस्थेची तक्रार निवारण समिती, तिने शक्यतो 15 कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा, मग 15 दिवसांच्या आत लोकपालाकडे अपील, आणि लोकपालाने 30 दिवसांत निकालाचा प्रयत्न करायचा. माहितीपुस्तिकेतील खोटी माहिती आणि मूळ कागदपत्रे अडकवून ठेवणे ही दोन्ही कारणे तेथे तक्रारयोग्य आहेत. पण ही शिडी विद्यापीठाच्या छत्राखालील संस्थेसाठी आहे. ज्या दोन खोल्या मुळात महाविद्यालयच नाहीत, त्यांच्याबाबत जायचे ते पोलिसांकडे वा ग्राहक आयोगाकडे, आणि हे मी 2003 मध्येही सांगू शकलो असतो.

मुलीने 2004 मध्ये ते शिक्षण सोडले आणि महाराष्ट्रात पुन्हा पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला. फी परत मिळाली नाही. काही वर्षांनी सुभेदारांचे पाकीट आले. आत चिठ्ठी नव्हती, फक्त महाराष्ट्राच्या परिषदेकडील तिच्या नोंदणी प्रमाणपत्राची छायाप्रत होती. नोंदणी क्रमांकाखाली त्यांनी पेन्सिलीने रेघ ओढली होती.