सकाळी मोकळीक, संध्याकाळी बंदी

१४ सप्टेंबर २०२०च्या आधीचे सहा महिने. १५ मार्च २०२० रोजी कांद्याची निर्यात खुली झाली आणि २४ मार्चला टाळेबंदी जाहीर झाली. हॉटेलं, खानावळी बंद पडल्या, भाव कोसळले. नाशिकच्या शेतकऱ्याने उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे साठवणुकीच्या शेडमध्ये, भरला. १५ मे रोजी वीस लाख कोटींच्या पॅकेजचा तिसरा भाग मांडताना अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी कांद्यावरची साठवणुकीची बंधनं उठवण्याची घोषणा केली. ५ जूनला तसा अध्यादेशही निघाला.

१४ सप्टेंबर, सोमवार, सकाळी ९. लोकसभेचं अधिवेशन सुरू झालं. अध्यादेशाच्या जागी येणारं जीवनावश्यक वस्तू दुरुस्ती विधेयक तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री रावसाहेब दानवे यांनी दुपारी एकच्या आत मांडलं.

इकडे नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या बाजारात चाळीतला माल लिलावाला येत होता. पाच महिन्यांत या कांद्याचं वजन घटतं, काहींना कोंब फुटतात, काही काळे पडतात. सडका आणि गोल्टी (बारीक कांदा) बाजूला काढून उरलेला माल ट्रॉलीत भरायचा. व्यापारी मूठभर कांदे उचलून पत्ती, रंग बघतो आणि बोली लावतो. कर्नाटकात पावसाने पीक गेल्यामुळे भाव चढले होते. नुकसान भरून निघेल, अशी पहिल्यांदाच आशा होती.

संध्याकाळ. विदेश व्यापार महासंचालनालयाने अधिसूचना काढली: सर्व जातींच्या कांद्याची निर्यात तत्काळ बंद. आधीच झालेल्या सौद्यांनाही सवलत नाही.

रात्र. मुंबई बंदरात कंटेनर, बांगलादेशच्या सीमेवर ट्रक अडकले. आतला कांदा नाशवंत.

१५ सप्टेंबर, सकाळ. नाशिक जिल्ह्यात संताप उसळला. शरद पवार बंदीबाबत दिल्लीत वाणिज्यमंत्री पीयूष गोयल यांना भेटले.

दुपारी ३ नंतर. लोकसभेने तेच विधेयक मंजूर केलं. साठवणुकीचा कायदा वेगळा आणि निर्यातीचा वेगळा, हे तांत्रिक उत्तर बरोबर आहे. पण एका हाताने साठवायला सांगून दुसऱ्या हाताने बाजार बंद करणं हा माझ्या मते विश्वासघात होता. शहरातल्या ग्राहकाला कांदा परवडलाच पाहिजे. त्याची किंमत एकट्या शेतकऱ्याच्या चाळीतून का वसूल करायची?

पुढचं थोडक्यात. १४ तारखेपर्यंत सीमाशुल्क विभागाच्या ताब्यात गेलेला माल चार दिवसांनी सोडला. २२ सप्टेंबरला राज्यसभेनेही विधेयक मंजूर केलं. २३ ऑक्टोबरला साठ्यावर मर्यादा आली: घाऊक व्यापाऱ्याला २५ टन, किरकोळ विक्रेत्याला २ टन. व्यापाऱ्यांनी लिलाव थांबवले आणि माल शेतकऱ्याच्याच दारात पडून राहिला.

१ जानेवारी २०२१ पासून निर्यात पुन्हा खुली झाली. तोवर उन्हाळ कांद्याचा हंगाम संपला होता. यापुढे बंदी घालायचीच असेल तर निदान आधी सूचना द्या, आणि झालेले सौदे पुरे होऊ द्या.