बर्डीवरचा लिलाव, 1854

नागपूरच्या धरमपेठेतून निघताना खिशातल्या नोटा घरीच ठेवा. तिथे त्या चालणार नाहीत. सोबत घ्या तो 1840 चा राणीछाप रुपया, जुन्या बाजारात तासभर घासाघीस करून पटवलेला. वजन बरोबर एक तोळा, म्हणजे 11.66 ग्रॅम. एका बाजूला तरुण व्हिक्टोरियाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला पानांच्या वेढ्यात ईस्ट इंडिया कंपनीचं नाव. ओतीव नकली नाणी बाजारात पुष्कळ फिरतात, म्हणून तुम्ही तो काट्यावर तोलून, फरशीवर वाजवून घेतला होता. आज त्याची दुसरी परीक्षा आहे. आज तो खर्चायचा आहे.

उत्तर अंबाझरी मार्गावर मेट्रोत बसा. शंकरनगर जातं, झाशी राणी चौक जातो. सीताबर्डीला दार उघडतं आणि फलाट नाहीसा झालेला असतो. पायाखाली माती, नाकात लिदीचा आणि ओल्या कडब्याचा वास. मागे वळून पाहिलंत तर धरमपेठ नाही, नुसतं रान आणि शेतं. समोर टेकडीवर किल्ला मात्र आहे. 1817 च्या नोव्हेंबरात इथे इंग्रजांनी भोसल्यांच्या फौजेला हरवलं आणि मग टेकडी तटबंदीने बांधून काढली. आगगाडी नागपुरात यायला अजून तेरा वर्षं आहेत.

साल 1854. तिसरे रघुजी भोसले 11 डिसेंबर 1853 ला वारले. पोटी मुलगा नव्हता. दत्तक मानायला लॉर्ड डलहौसीने नकार दिला आणि राज्य खालसा झालं. झाशीही याच वर्षी गेली. राज्यापाठोपाठ आता राजाची चीजवस्तू निघाली आहे.

गर्दीत शिरा. लांबूनलांबून आलेले गुरांचे व्यापारी माणसाला माणूस लागून उभे आहेत. हत्ती, उंट, घोडे, बैल, सगळे एका रांगेत. तुम्हाला मात्र जनावरात रस नाही. तुमची नजर झुलीच्या काठावर जाते, घोड्याच्या सरंजामावरच्या नक्षीवर जाते, हत्तीच्या गळ्यातल्या घंटेवर अडते. घंटा जुन्या घडणीची आहे. काठ झिजलेला, आवाज खोल. छातीत ती ओळखीची धडधड सुरू होते: विकणाऱ्याला हिची किंमत माहीत नाही, आपल्याला आहे.

शेजारचा व्यापारी तुमच्याकडे पाहून हसतो. “घ्या ना मालक, नुसतं पाहून काय राहिले? मागच्या दसऱ्याले याच हत्तीवर अंबारी होती.”

“केवढ्याला जाईल?”

“ज्याले पाहिजे त्याच्या भावानं जाईन. ज्याचा होता तो थोडाच भाव कराले येते!”

पुकारा सुरू होतो. एकवार, दोनवार. भाव चढतच नाही. इतके हत्ती एकदम बाजारात आले की त्यांना पोसणार कोण? ज्याच्या दारी हत्ती झुलायचे ते घरच बुडालं, तिथे माल स्वस्त होणारच. तिसऱ्या पुकाऱ्याला सौदा होतो. इंग्रज इतिहासकार जॉन केय याने पुढे हिशेब नोंदवून ठेवला: पाचशे ते सहाशे जनावरं, एकूण तेराशे पौंड. त्या काळच्या दराने सुमारे 13,000 रुपये. म्हणजे डोई पंचवीस रुपयांच्या आतबाहेर, आणि त्यात हत्तीही आले. मेल्या जनावराच्या मोलाने राजाची पागा गेली, हे दुखणं त्या इंग्रजालाही लपवता आलं नाही.

मुठीतला रुपया घामाने ओला झाला आहे. घंटा एवढ्यात सहज येईल. थांबा. आधी महालात जाऊन या.

शुक्रवारी तलावाच्या काठाने भोसल्यांच्या वाड्याशी पोचलात की गर्दी वेगळी दिसते. इथे कोणी बोली लावत नाही. आत दुसऱ्या रघुजींच्या वृद्ध विधवा बांकाबाई आहेत. वाड्यातलं सामान हलवायला माणसं आली आहेत, आणि सामानाला हात लावाल तर वाडा पेटवून देईन असं बाईंनी बजावलं आहे. दारातल्या शिपायाच्या चेहऱ्याकडे पाहा, मग मुठीतल्या रुपयाकडे. बर्डीवर ‘माल’ होता तो इथे कोणाचा तरी पलंग आहे, कोणाची तरी देवघरातली समई आहे.

सामान शेवटी हललंच. जडजवाहीर, मोजकं वगळून, कलकत्त्याच्या बाजारात गेलं. वाडा पेटला तो पुढे दहा वर्षांनी, 1864 मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी इंग्रज सरकारने नागपुरात मध्यवर्ती संग्रहालय उघडलं होतं, आपला अजब बंगला. आधी लिलाव, मग संग्रहालय; दोन्ही कामं दहा वर्षांच्या आत उरकली.

बर्डीवर परत या. घंटा गेली. कोणी नेली, कुठे नेली, विचारायची सोय नाही. तिच्यावर नाव नव्हतं. आता ती एखाद्या देवळात वाजेल, नाहीतर वितळून तिची घागर होईल. एका हातातून दुसऱ्या हातात जाताना वस्तू झिजत नाही एवढी तिची हकिकत झिजते. दोन सौद्यांत भोसल्यांचा हत्ती विसरला जातो, उरतं ते किलोवरचं पितळ.

आता एकच उडी, लंडनला. तारीख 29 एप्रिल 2025, सदबीज या लिलावगृहाची विक्री. युरोपात घडलेल्या पात्याची एक तलवार यादीत आहे आणि पात्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत पहिल्या रघुजी भोसल्यांचं नाव आहे, सेनासाहेबसुभा या किताबासकट. सीताबर्डीच्या लढाईनंतरच्या लुटीत ती गेली असावी, असा राज्य सरकारचा अंदाज आहे. सरकारने ती मिळवली. सगळा खर्च धरून 47 लाख 15 हजार रुपये. 18 ऑगस्ट 2025 ला ती मुंबईत उतरली. नावाचा तो एक ओळभर मजकूर पात्यावर नसता तर ती ओळखता आली नसती.

धरमपेठेत परतल्यावर हे लक्षात ठेवा. इथले जुने बंगले पडताहेत, फ्लॅट उठताहेत, आणि आजीचा तांब्याचा बंब, आजोबांचं घड्याळ, लग्नातला अडकित्ता हातगाडीवर चढतो आहे. घेणारे असाल तर भाव नंतर करा, आधी विचारा: कुठल्या घरचं, कोणाचं, केव्हाचं. सांगतील ते लिहून वस्तूसोबत ठेवा. 1972 च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांवरची वस्तू, आणि मोलाची हस्तलिखितं असतील तर पंचाहत्तर वर्षांवरची, पुरावशेष ठरते. ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही आणि तिचा धंदा करायला परवाना लागतो. देणारे असाल तर बंब गाडीवर चढवण्याआधी चार ओळींची चिठ्ठी त्याला बांधा. तुमच्या घराचं नाव तिथेच टिकेल.