सुळक्याची सावली

कर्नाळ्याचा इतिहास विचारला की यादव, निजामशाही, शिवाजी महाराज, शिरढोणच्या फडक्यांची किल्लेदारी आणि १८१८ साली इंग्रजांनी घेतलेला गड, एवढं आमच्या पनवेलीत कुणीही सांगतं. मी गणिताचा मास्तर. गडाचा तो सव्वाशे फुटी सुळका आणि त्याची सावली दिसली की मला आपल्याच जिल्ह्यातले, मुरूडजवळच्या नांदगावचे ज्योतिषी गणेश दैवज्ञ आठवतात.

त्यांनी शके १४४२, म्हणजे १५२० साली ‘ग्रहलाघव’ रचलं. ज्या आणि चापांची किचकट आकडेमोड टाळूनही ग्रहगणित होतं, हे त्यांनी करून दाखवलं. पुढे कित्येक पिढ्या महाराष्ट्रातली पंचांगं त्याच ग्रंथावर चालली. आणि या विद्येचं साधन काय, तर सपाट जमिनीत उभी रोवलेली बारा अंगुळांची काठी. तिला शंकू म्हणत. दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवशी भर माध्यान्ही शंकूची जी सावली पडते, ती त्या गावाची पलभा. नांदगावची पलभा जवळजवळ चार अंगुळं. कर्नाळ्याची त्याहून सहा-सात व्यंगुळांनी, म्हणजे अंगुळाच्या साधारण दहाव्या हिश्शाने जास्त. उज्जैनला तीच सावली पाच अंगुळांच्या पुढे जाते. काठी तीच, सूर्य तोच. पृथ्वी गोल म्हणून सावली बदलते. गावाचा अक्षांश असा अंगणात मोजता येत होता.

दिवा किती उंच, शंकू किती दूर, सावली किती लांब, असली उदाहरणं भास्कराचार्यांनी ११५० मध्येच ‘लीलावती’त घातली होती. गणेश दैवज्ञांनी १५४५ साली तिच्यावर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली. प्रकाश सरळ रेषेत जातो हे धरल्याशिवाय त्यातलं एकही त्रैराशिक सुटत नाही.

मुलांना गडावर नेतो तेव्हा मी त्यांना दोन सावल्या दाखवतो. काठीच्या सावलीची कड खडूने आखता येते. सुळक्याच्या माथ्याची कड मात्र फूटभराहून जास्त रुंदीत विरत जाते, नेमकी रेघ कुठे मारायची तेच कळत नाही. सूर्य ठिपका नाही, आपल्याला अर्ध्या अंशाची तबकडी दिसतो. कडेवर उभं राहिलं तर त्या तबकडीचा काही भाग कातळाआड असतो, काही उघडा. वस्तू सावलीपासून जितकी दूर, तितकी ही उपच्छाया रुंद. पृथ्वीची सावली तर लाखो किलोमीटर जाऊन चंद्रावर पडते. तिची कडही अशीच विरलेली. तरीही ग्रहणाचा स्पर्श आणि मोक्ष, म्हणजे सुरुवात आणि शेवट, नुसत्या डोळ्यांनी टिपून त्यावर गणित तपासायचं, हे काम त्या ज्योतिषांनी केलं. मला ते गड जिंकण्याइतकंच मोठं वाटतं.

मेच्या मध्यावर दुपारी साडेबारा वाजून तीन-चार मिनिटांनी कर्नाळ्यात शंकूची सावली पार नाहीशी होते. जुलैअखेरीस सूर्य पुन्हा त्याच जागी येतो, पण तेव्हा कोकणात आभाळ गच्च भरलेलं असतं. म्हणून शाळेला सुट्टी असली तरी मी मुलांना मेमध्येच काठी घेऊन बोलावतो.