तीन सुती आणि दहा एमएम

आमच्या सावद्यात बोल्ट सुतात मागत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीन सुती म्हणजे तीन अष्टमांश, चार सुती म्हणजे अर्धा इंच. आण्णा, माझे वडील, बोल्ट चिमटीत धरून न मोजता सूत सांगत. हे माप इंग्रजी यंत्रांबरोबर आलं. मुंबई-कलकत्ता लोहमार्ग 1870 साली जबलपूरमार्गे जोडला गेला, तो आमच्याच शिवाराजवळून जातो. त्याआधी, 1841 साली, जोसेफ व्हिटवर्थनं इंग्लंडात आट्यांचं एक माप ठरवून दिलं होतं: कोन 55 अंशांचा, आणि बोल्टच्या जाडीप्रमाणे इंचाला किती आटे तेही पक्कं. आण्णांना व्हिटवर्थ हा माणूस होता हे ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी ते आट्यांचं नाव होतं.

मोट सुटली आणि विहिरीवर ऑइल इंजिनं आली. खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्स 1946 साली उभी राहिली. राजकोटहूनही इंग्रजी लिस्टर धाटणीची इंजिनं येत. जुनं लिस्टर मिनिटाला 650 फेरे घेई. भलं जाड चाक, जाड बोल्ट, सावकाश चाल. त्यात एखादा हलका बोल्ट बरेच दिवस निभावून जाई. पुढे 1500 फेऱ्यांची छोटी इंजिनं आली आणि ही सवलत संपली.

त्यातच मेट्रिक आलं. कायदा 1956 चा, पण आमच्या दुकानाच्या फळीवर दोन्ही माल कितीतरी वर्षं शेजारी शेजारी पडून असे. तीन सुती बोल्ट साडेनऊ मिलिमीटरचा. तो दहा एमएमच्या चाकीत सहज शिरतो, फिरतोही. पण आटे एकमेकांना नीट धरत नाहीत आणि जोर आला की सोलून निघतात. अडीच सुती मात्र आठ एमएमच्या चाकीत दोन-तीन आट्यांतच अडतो. अडणारा बोल्ट परवडला, असं आण्णा म्हणत, आणि ते खरंच आहे.

माझ्या हातून चूक झाली ती मापाची नव्हती. उन्हाळा होता, केळीची कांदेबाग निसवत होती, आणि एका शेतकऱ्याच्या इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडचा बोल्ट आट्यांत गेला होता. आण्णा बाहेरगावी. माझ्याजवळ जाडी तीच, आटे तेच, लांबी तीच असलेला चकचकीत एमएस, म्हणजे साध्या मऊ पोलादाचा, बोल्ट होता. तो आवळला, इंजिन चालू करून दिलं. तिसऱ्या दिवशी रॉड क्रँककेस फोडून बाहेर आला. बाग आठ दिवस कोरडी राहिली. त्या वर्षीच्या घडांच्या बारीक फण्या मी स्वतः जाऊन पाहिल्या.

आण्णांनी परत आल्यावर मला मारलं नाही. जुना बोल्ट आणि माझा बोल्ट, दोन्हीवर कानस चालवायला लावली. माझ्या बोल्टवर ती लोण्यासारखी चालली, जुन्यावर जोर लावावा लागला. मग म्हणाले, ‘आता डोकं वाच.’

जुन्याच्या डोक्यावर 8.8 उठवलेलं होतं. माझं डोकं कोरं.

आपले मेकॅनिक ज्याला हायटेन्शन म्हणतात तो हा बोल्ट. पहिला आठ म्हणजे चौरस मिलिमीटरला 800 न्यूटन ओढ सोसून मग तुटणार. दुसरा आठ म्हणजे त्याच्या आठ दशांशापर्यंत, 640 पर्यंत, कायमचा लांबणार नाही. दहा एमएमच्या बोल्टमध्ये हे जवळपास पावणेचार टन होतात. साधा 4.6 चा बोल्ट दीड टनाच्या आतच लांबायला लागतो. लांबला की आवळ गेली, आणि आवळ गेली की प्रत्येक हिसका थेट बोल्टवर. 1500 फेऱ्यांच्या चार-स्ट्रोक इंजिनात पिस्टन वर पोहोचून दर मिनिटाला 750 वेळा रॉडला खेचतो. आठ तासांच्या पाळीत तीन लाख साठ हजार हिसके. माझा बोल्ट तीन दिवस टिकला याचंच मला आता नवल वाटतं.

म्हणून सगळीकडे 12.9 घाला, असं मात्र नाही. ही चूक आजची पोरं करतात, आणि ती मला जास्त जाचते. अ‍ॅल्युमिनियमच्या कव्हरात कडक बोल्ट ताकदीनं आवळला तर बोल्टला काही होत नाही, घरातले आटे उपटून येतात. रोटाव्हेटरचा शिअर बोल्ट तर तुटण्यासाठीच असतो. तो कडक घातला की दगड लागल्यावर गिअरबॉक्स जातो. आणि 8.8 ची ताकद त्याला दिलेल्या पाण्यात असते, आमच्या लोहाराच्या अर्थानं पाणी, म्हणजे तापवून, विझवून कडक करणं. गॅसनं लाल करून वाकवला की अंक डोक्यावर तसाच राहतो, आतलं पाणी उतरून जातं.

विहिरींवरची इंजिनं गेली, बोअरमध्ये सबमर्सिबल बसल्या. माझ्याकडे आता केळीत फिरणारे पॉवर वीडर आणि फवारणीचे पंप येतात. परवा एक पोरगा वीडरचा तुटका बोल्ट घेऊन आला. म्हणाला, ‘काका, दहा एमएम द्या.’ मी त्याचा बोल्ट पुसून त्याच्याच हातात दिला आणि डोक्यावर काय लिहिलंय ते वाचायला सांगितलं.