‘पूर्ण’ चौकटीची कुळकथा

प्रस्तुत लेखाचे निमित्त अगदी घरगुती आहे. आमच्या देवळाच्या सभामंडपातील जुने कोरीव खांब जीर्णोद्धारात उतरवावे लागणार. तत्पूर्वी त्यांची छायाचित्रे घेऊन ठेवावीत, असे महाजनांच्या बैठकीत ठरले. एका हौशी तरुणाने त्यासाठी ‘फुल-फ्रेम मिररलेस’ जातीचा लायका कॅमेरा सुचविला. भिंगांसह त्याची किंमत कित्येक लाखांच्या घरात जाते. प्रश्न देवाच्या पैशाचा असल्यामुळे मला स्वस्थ बसवेना.

‘फुल-फ्रेम’ म्हणजे पूर्ण चौकट. पण पूर्ण ती कशाच्या मानाने?

एकेकाळी इंदुरास सरकारी नोकरीत असलेले व पुढे निजामाचे दरबारी छायाचित्रकार झालेले राजा दीनदयाळ यांनी मध्य भारतातील देवळे व किल्ले टिपले, ते मोठाल्या काचांवर. त्यांची चित्रे असलेला लेपेल ग्रिफिन यांचा ग्रंथ १८८६ साली निघाला. त्या काळी काच कागदावर दाबूनच चित्र उतरवीत. म्हणजे चित्र जेवढे हवे तेवढीच काच हवी. असे ओझे जर्मनीतील वेट्झलार येथील ऑस्कर बार्नाक या दमेकरी कारागिरास पेलवेना. सूक्ष्मदर्शक बनविणाऱ्या लाइट्झ कारखान्यात तो काम करी. चलच्चित्रांची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म त्याने आडवी चालविली, तिच्यावरील १८ बाय २४ मिलिमीटरची चौकट दुप्पट केली आणि २४ बाय ३६ चे माप मिळविले. १९१४ च्या सुमारास खिशात मावेल असे यंत्र तयार झाले. मध्ये महायुद्ध आले, मागोमाग चलनाची भयंकर घसरण आली. कामगारांच्या हातांना काम हवे होते. सहकाऱ्यांच्या शंकांना न जुमानता दुसऱ्या अर्न्स्ट लाइट्झने १९२४ साली हे यंत्र बाजारात आणण्याचे ठरविले, आणि १९२५ च्या लाइपझिग जत्रेत ‘लायका’ लोकांपुढे आला.

गंमत अशी की, जर्मन भाषेत या मापाला आजही ‘क्लाइनबिल्ड’, म्हणजे लहान चित्र, असेच म्हणतात. आज जी ‘पूर्ण’ म्हणून मिरवते ती चौकट जन्मतः ‘लहान’ होती! शिवाय बार्नाकच्या यंत्रात आरसाही नव्हता. आरसा आला तो नंतर. १९३६ च्या एक्झाक्टाने व विशेषतः १९५९ च्या निकॉन-एफने तो रूढ केला, कारण भिंगातून जे दिसते तेच चित्रात उतरते, ही सोय मोठीच होती.

पुढे फिल्मच्या जागी सिलिकॉनचा संवेदक आला. त्याचा मोठा तुकडा निर्दोष बनविणे फार खर्चाचे. म्हणून बहुतेक यंत्रांत तो लहानच बसविला गेला. २००२ साली कॅननने २४ बाय ३६ चा बसविला. अशा यंत्रांना ‘पूर्ण’ हे बिरुद चिकटले ते त्या लहानांच्या तुलनेने. २०१३ साली सोनीच्या ए-७ ने आरसा काढून टाकला, २०१५ साली लायकाचा एसएल आला. तात्पर्य, ज्या दोन शब्दांसाठी आज एवढे पैसे मोजायचे, ते दोन्ही गुण १९१४ च्या त्या डबीतच होते.

आता व्यवहाराचे पाहू. पूर्ण चौकटीचा संवेदक प्रचलित लहान संवेदकाच्या सव्वादोनपट भरतो, त्यामुळे अंधुक उजेडात त्याचे चित्र स्वच्छ येते. दिवट्यांच्या उजेडात हलणारी पालखी टिपायची असेल तर हा गुण खरोखर कामाचा. पण खांब काही चालत नाहीत! तिवईवर यंत्र ठेवून उजेड दोन-चार सेकंद आत घेतला की लहान संवेदकही तेच काम करतो. बाकी जे अधिक द्यायचे ते घडणीच्या सुबकतेसाठी, भिंगांसाठी व नावासाठी. भिंगांचे मोल मला मान्य आहे. परंतु लायका, पॅनासॉनिक व सिग्मा यांनी २०१८ साली भिंगांची एकच जोडणी वापरण्याचा करार केला. तेव्हा तीच भिंगे स्वस्त यंत्रालाही बसतात. नावाचे म्हणाल तर २०२२ साली बार्नाकचा स्वतःचा कॅमेरा लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंना गेला. तो छंद संग्राहकांचा.

आणखी एक. १९५४ चा लायका एम-३ साफसूफ केला की आजही चालतो, कारण तो निव्वळ यांत्रिक आहे. आजच्या यंत्राची विद्युत्-मंडले व बॅटरी तितके आयुष्य काढतील असे मला वाटत नाही. नातवंडांसाठी ठेव म्हणून ते घेऊ नये.

हे सारे मी बैठकीत मांडले. तरुण थोडा हिरमुसला. अखेर ठरले ते असे: संस्थेच्या जुन्याच कॅमेऱ्यासाठी एक चांगले भिंग व भक्कम तिवई घ्यावी, आणि मोठा कॅमेरा जत्रेच्या रात्रीपुरता भाड्याने आणावा. पहिल्या चार खांबांची छायाचित्रे झाली आहेत. एका खांबाच्या तळाशी, तेलाच्या काजळीखाली, दोन ओळींचा लेख त्यात प्रथमच दिसला. तो वाचण्याचे काम आता चालू आहे.