ग्रंथपेटी ते ब्रॉडबँड : सयाजीरावांच्या एका निर्णयाची गोष्ट

१८९३ हे साल आपण मराठी माणसे विसरत नाही. लोकमान्यांनी गणपती घरातून चौकात आणला तो याच सुमारास, आणि दर वर्षी स्मरणिकेत कोणी ना कोणी त्यावर लिहितोच. पण त्याच १८९३ साली महाराष्ट्राबाहेर, बडोदा संस्थानात, अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला, याची आठवण फारशी कोणी काढत नाही. आपण जयपूरकर मराठी मंडळी महाराष्ट्राबाहेरच राहतो, तेव्हा हे काम आपण करायला हरकत नाही.

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा शेतकऱ्याचा मुलगा गोपाळराव १८७५ मध्ये दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर सयाजीराव तिसरे म्हणून बसला, तेव्हा त्याला अक्षरओळखही नव्हती. बाराव्या वर्षी ज्याने धुळाक्षरे गिरवली, त्याला अक्षरांची किंमत जन्मजात शिकलेल्यांपेक्षा जास्त कळली असावी. १९०६ साली सक्तीचे शिक्षण सबंध संस्थानात लागू झाले. मग एक नवी अडचण पुढे आली. शाळा सुटली की मुलगा नांगराला लागतो आणि गावात वाचायला काहीच नसल्याने शिकलेले विसरतो. सरकारचा पैसा आणि मुलाची वर्षे, दोन्ही पाण्यात!

यावर उपाय म्हणजे ग्रंथालय. मोतीभाई अमीन यांच्यासारख्या ध्येयवादी शिक्षकाने गावोगाव मित्रमंडळांची वाचनालये आधीच सुरू केली होती. १९१० साली महाराजांनी अमेरिकेतील न्यू हेवन येथून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून राज्याचे ग्रंथालय खाते त्याच्या हाती दिले, आणि राजवाड्यातील स्वतःचा सुमारे वीस हजार ग्रंथांचा संग्रह मध्यवर्ती ग्रंथालयाला देऊन टाकला. ग्रंथपालांचे प्रशिक्षण वर्ग १९११ मध्ये निघाले. ‘लायब्ररी मिसेलनी’ नावाचे त्रैमासिक १९१२ पासून इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघू लागले.

खरी कल्पकता मात्र हिशेबात होती. गावाने वर्गणीतून ठरावीक रक्कम उभी केली की तेवढीच रक्कम प्रांत पंचायत देई आणि तेवढीच सरकार. गावच्या ग्रंथालयाला वर्षाला शंभर, कसब्याला तीनशे आणि प्रांताच्या ग्रंथालयाला सातशे रुपयांपर्यंत अशी मदतीची मर्यादा होती. म्हणजे भीकही नाही आणि सगळा भार गावावरही नाही.

ज्या गावाला तेवढेही जमत नसे त्याच्यासाठी फिरती ग्रंथालये होती. लाकडी पेटी, तिच्यात साधारण पंधरा ते तीस पुस्तके. पेटी गावात येई, लोक वाचत, ती परत जाई आणि दुसरी येई. वाचकाकडून काही घेत नसत आणि पेटीच्या वाहतुकीचा खर्च खाते सोसत असे. हे शेवटचे कलम वाचताना आपण पटकन पुढे जातो, पण सगळी मेख तिथेच आहे. ‘पुस्तके फुकट, हमाली तुमची’ असे म्हटले असते तर त्या पेट्या बडोद्यातच धूळ खात पडल्या असत्या. आणि ज्याच्या गावापर्यंतची वाट लांब, त्यालाच हमाली जास्त पडली असती.

पुढे पोस्टानेही हे तत्त्व काही अंशी पाळले. अंधांसाठीचे ब्रेल साहित्य विनाशुल्क जाते. छापील पुस्तकांसाठी सवलतीची नोंदणीकृत बुकपोस्ट सेवा होती. ती डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली तेव्हा प्रकाशकांनी ओरड केली आणि १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ नावाने शैक्षणिक पुस्तकांसाठी स्वस्त दर पुन्हा आले. ओरड केली म्हणून आले, हे ध्यानात ठेवावे.

आता पेटीची जागा तारेने घेतली आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले, पण त्या काळी खात्याची वर्गणी वेगळी आणि फोनचे कॉल वेगळे असा दुहेरी मीटर फिरे. शाळा कुठून परवडवणार? कोल्हापूर-सांगलीकडील वारणा परिसरात १९९८ मध्ये सत्तर गावे संगणकाने जोडण्याचा गाजलेला प्रयोग झाला. तिथेही मुख्य उपयोग उसाचे वजन आणि बिल पाहण्याचा ठरला आणि पुढे तेच काम मोबाईलवरच्या साध्या संदेशांनी स्वस्तात केले.

अमेरिकेत १९९६ चा दूरसंचार कायदा होताना ग्रंथपाल आणि शिक्षक संघटना आग्रहाने उभ्या राहिल्या. त्यातून शाळा आणि ग्रंथालयांना जोडणीच्या बिलात २० ते ९० टक्के सूट मिळू लागली. वस्ती जितकी गरीब, तितकी सूट मोठी. पैसा दूरसंचार कंपन्यांच्या वर्गणीतून उभा राहतो. या व्यवस्थेला न्यायालयात आव्हान दिले गेले, पण जून २०२५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली.

आपल्याकडे असा निधी नाही असे नाही. २००२ पासून दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलाचे ५ टक्के सार्वत्रिक सेवा निधीसाठी घेतले जातात. २०२३ च्या कायद्याने त्याचे नाव ‘डिजिटल भारत निधी’ झाले. यातूनच भारतनेटची तार ग्रामपंचायतींपर्यंत जात आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पात ग्रामीण भागातील सर्व सरकारी माध्यमिक शाळांना आणि आरोग्य केंद्रांना ब्रॉडबँड देण्याची घोषणा झाली. स्वागतच आहे, पण त्या वाक्यात प्राथमिक शाळा नाही आणि सार्वजनिक ग्रंथालयही नाही. २०२४-२५ च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशातील ६३.५ टक्के शाळांत इंटरनेट होते, म्हणजे दर तीन शाळांमागे एक अजून बाहेर.

तार आली तरी महिन्याचे बिल राहतेच. समग्र शिक्षा योजनेत तीस किंवा कमी पटाच्या शाळेला वर्षाचे एकत्रित अनुदान १० हजार रुपये असते. खडू, डागडुजी, स्वच्छता सगळे त्यातच. इंटरनेटचे महिना ४०० रुपये धरले तरी वर्षाला ४,८०० होतात. मुख्याध्यापकाने गळके छप्पर पाहायचे की हे बिल भरायचे?

म्हणून मागणी नुसत्या तारेची न करता दराची केली पाहिजे. राजस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा २००६ साली झाला, महाराष्ट्रात १९६७ सालीच. दोन्हीकडच्या ग्रंथालय संघांनी आणि शिक्षकांनी एकत्र येऊन एवढेच मागावे की शाळा आणि ग्रंथालयांचे मासिक बिल निधीतून ठरावीक हिश्श्याने भरले जावे, लहान पटाच्या शाळेला जास्त हिस्सा मिळावा आणि ज्या वस्तीला काहीच जमत नाही तिचे पूर्ण बिल निधीने सोसावे. हिश्श्यांचा नमुना हवा असेल तर बडोद्याचा एक-तृतीयांशाचा नियम शंभर वर्षांहून जुना आहे आणि तो चालवून पाहिलेला आहे.