सांगाडा : खाडीतील प्राण्यांचा

शरीराला आकार व आधार देणारी आणि स्नायूंना पकड पुरवणारी कठीण रचना. सांगाडा म्हटले की हाडे आठवतात. प्रत्यक्षात बहुसंख्य प्राण्यांना हाड नसतेच. पेण-रोह्याच्या मासळी बाजारात याची खात्री पटते. धरमतरच्या खाडीतली आणि कुंडलिकेच्या मुखाकडची, रेवदंड्याची, मासळी येथे येते व सांगाड्यांचे मुख्य प्रकार शेजारीशेजारी दिसतात.

चिंबोरीचा, म्हणजे खेकड्याचा, सांगाडा बाहेर असतो. कायटिन व कॅल्शियम कार्बोनेट यांचे हे कवच वाढत नाही, म्हणून वाढायचे तर ते टाकावे लागते. जुन्या कवचातला थोडा चुना चिंबोरी आधी रक्तात परत घेते, मग पाणी शोषून फुगते. कवच मागच्या बाजूला उकलते आणि ती पाठीमागे सरकत बाहेर पडते. डोळ्यांचे देठ, कल्ले, जठराची आतली बाजू, सगळ्यांवरचे आवरण त्यात निघून येते. नवे कवच टणक होईपर्यंत ती अगदी असहाय असते. मादीचे मीलन मात्र याच काळात होते. अमावास्येची चिंबोरी भरलेली, पौर्णिमेची पोकळ, असे आगरी-कोळी घरांत मानतात. पोकळ निघणारी चिंबोरी बहुधा नुकतीच कात टाकलेली असते: कवच मोठे, आत मांसापेक्षा पाणी जास्त.

मुशी व पाकट यांच्या अंगात हाड नाही, कूर्चा आहे. माकुलाचा पांढरा, हलका ‘समुद्रफेन’ हाही हाड नव्हे. ते चुन्याच्या असंख्य पोकळ कप्प्यांचे आतले कवच. कप्प्यांतले पाणी कमीजास्त करून माकूल पाण्यात वरखाली होते.

खरी हाडे जिताड्याची. खारेपाटातल्या तळ्यांत वाढवलेल्या या माशाच्या कानात चुन्याचे खडे असतात व त्यांवरच्या वलयांवरून त्याचे वय काढता येते. बोंबीलही हाडाचाच मासा, पण त्याची हाडे इतकी मऊ की ती सहज चावली जातात.

सर्वांत विलक्षण मासा निवटी. ओहोटीच्या चिखलात ती छातीच्या परांवर चालते. त्या परांच्या तळाची हाडे लांबलेली असून त्यांना खांदा व कोपर यांसारखे दोन सांधे आहेत. चार पायांच्या प्राण्यांचे पूर्वज सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वी जमिनीकडे वळले. निवटी त्यांची वंशज नव्हे, तिने ही वाट स्वतंत्रपणे काढली. म्हणूनच तिचा चिखल, म्हणजे तिवरांची खाजणे, भराव घालून बुजवणे ही मोठी हानी होय.

उलट, जमिनीवरून पाण्याकडची वाट देवमाशाची. जून २०१५ मध्ये रेवदंड्याला सुमारे ४२ फुटी देवमासा किनाऱ्याला लागला व वाचला नाही. देवमाशाच्या वल्ह्यासारख्या परात बोटांची हाडे असतात, कारण त्याचे पूर्वज जमिनीवर चालत. किनाऱ्यावर असे हाड आढळल्यास घरी नेऊ नये, वन विभागाला कळवावे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार देवमासा संरक्षित आहे.